मलाही एक तास हवा होता

प्रिय हिराबाई,

तुझ्या हयातीत मी तुला कधी नावाने हाक मारली नाही, त्यामुळे वरचे दोन शब्द लिहितानाच हात अडखळला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जे लिहीन ते शुद्ध आणि खरे लिहीन, एवढी खात्री बाळग.

काल दवाखान्यातल्या एका सिस्टरने माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. ती मला पचली नाही. का पचली नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? म्हणून हे पत्र.

आधी आनंदाची बातमी. तू पणजी झालीस! आपल्या दत्ताच्या सागरला मुलगी झाली. पण आठवा महिना लागताच झाली. वजन तेराशे ग्रॅम. पूजाचे पहिले बाळंतपण तिच्या माहेरी, दौंडला होते, म्हणून बाळही तिथल्याच मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. मी अकरा दिवसांपासून पूजाच्या वडिलांकडे, म्हणजे व्याह्यांच्या घरी मुक्काम ठोकून आहे. व्याह्यांकडे एका जेवणापलीकडे न थांबणारा मी! तुलाही आश्चर्य वाटले असते.

आता मुख्य गोष्ट. मला हेवा वाटतो. या वयात शोभत नाही, तरी वाटतो.

आपल्या वेळी दवाखाना म्हणजे बंद दार आणि बाहेरचा व्हरांडा होता. येथे पहिल्याच दिवशी सिस्टरने सागरला आणि पूजाला आत बोलावले. मी विचारले, "डॉक्टरांच्या कामात यांची अडचण नाही का होणार?" ती म्हणाली, "आबा, आई-बाप म्हंजी काय पाहुणे हायेत का? हे त्यांचंच काम हाय, आमी नुसतं शिकवणार."

आणि शिकवले! कोपरापर्यंत हात कसे धुवायचे, नळीतून दूध थेंबाथेंबाने कसे सोडायचे, बाळाचे अंग गार पडले हे पायाच्या तळव्यावरून कसे ओळखायचे. सणसवाडीच्या कंपनीत यंत्रावर काम करणारा आपला सागर ते सगळे चार दिवसांत शिकला. मग तिने त्याला सदरा काढायला लावला आणि त्या जिवाला त्याच्या उघड्या छातीवर ठेवले. वरून चादर गुंडाळली. पूजाचे टाके ओले, म्हणून सकाळची पाळी त्याची, दुपारची तिची.

मी काचेबाहेरच्या बाकावर बसून पाहत होतो. पेटीजवळच्या पडद्यावर एक आकडा असतो. बाळाचा श्वास नीट चालला की तो वर चढतो. सागरच्या छातीवर तो चढत गेला. सिस्टर हसली, सागर हसला. आणि मला काय वाटले सांगू? याच्यासाठी बरा चढतो!

तो बाहेर आल्यावर मी त्याला सुनावले, "मी समोर बसलो आहे, तुझे सासरे बसले आहेत. उघड्या अंगाने मूल घेऊन बसतोस, काही मर्यादा आहे की नाही?"

"आबा, शर्टावरनं तिला ऊब कशी लागंल?" तो म्हणाला. "आन् माझीच पोरगी हाय ना? चोरून आणलीय का?"

व्याही म्हणाले, "आबा, तुमी काळजी नका करू. आमच्या जावयाला आठ दिसांत दूध बी फुटंल!"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी चहाही घेतला नाही.

पण सागरचा हेवा हा नवा हेवा. जुना हेवा तुझा आहे, हिराबाई. पन्नास वर्षांचा.

आपली पहिली मुलगी शिरूरच्या दवाखान्यात सहा दिवस जगली. ते सहाही दिवस ती तुझ्याजवळ होती. कापसात गुंडाळलेली, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या. तू मला पुढे कधीकधी सांगायचीस, तिच्या कानामागे बारीक लव होती, जांभई देताना ती एकच डोळा मिटायची. मी काही विचारायला गेलो की म्हणायचीस, "तुमी न्हाई बघितली तिला. तुमाला कसं कळायचं?"

असे का म्हणायचीस? दुःखातही तुझा वाटा मोठा आणि माझा लहान, असे का ठरवलेस? तू ते सहा दिवस पेटीत दागिने ठेवावेत तसे ठेवलेस. किल्ली मला कधी दिली नाहीस. देवाघरी जाताना तेही घेऊन गेलीस. मी रागावलो होतो तुझ्यावर. अजूनही थोडा आहे.

आणि तरीही तू माझी बाजू घ्यायचीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "ह्यांना त्या नर्सबाईनं आत सुदीक घेतलं न्हाई. बाप असून पोरीचं तोंड बघू दिलं न्हाई. तिचं कधी भलं व्हायचं न्हाई!" तिच्यानंतर झालेला आपला एकुलता एक दत्ता तेच ऐकत मोठा झाला. सागरही.

हिराबाई, तसे घडले नाही.

पाचव्या दिवशी तुला ताप भरला. मी आणि माझे वडील आप्पा व्हरांड्यात बसलो होतो. नर्सबाई बाहेर आली आणि तिने मोठ्याने विचारले, "बाळाचे वडील कोण? आईला ताप आहे, बाटल्या गार पडतात. बाळाला तासभर छातीशी घेऊन बसायला माणूस हवा."

ती मला बोलवायला आली होती! समजते का तुला?

आणि मी आप्पांकडे पाहिले. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. बापासमोर स्वतःचे मूल उचलणारा निर्लज्ज. चुलत भावाने अंगणात आपला मुलगा कडेवर घेतला, तेव्हा आप्पा चार माणसांत म्हणाले होते, "आता लुगडं बी नेस की रं!" तो महिनाभर पारावर फिरकला नाही. मी त्या घरातला आज्ञाधारक मुलगा होतो. मला त्याचा अभिमान होता.

आप्पा फक्त खाकरले. तेवढे पुरले.

मी त्या बाईला सांगितले, "बाळाचे वडील गावी गेले आहेत."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. तिला कळले असावे. ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आपली मुलगी गेली. मी आत बसलो असतो तर ती वाचली असती का? ठाऊक नाही. परंतु तासभर तिला बाप मिळाला असता.

तू विचारलेस तेव्हा मी म्हणालो, मला आत घेतले नाही. एकदा म्हणालो आणि मग तुझा त्या बाईवरचा राग पाहून गप्प बसलो. जन्मभर तू एका निर्दोष बाईला शाप दिलेस आणि मी शेजारी बसून ऐकले. मला क्षमा कर. क्षमा मागण्याचा मला सराव नाही, हे तू जाणतेस.

आता कालचे ऐक. येथे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तंबाखू सोडली होती. नखे काढली होती, रोज धुतलेला सदरा घालत होतो. कोणाला कारण सांगितले नव्हते. काल सागर हात धुवायला निघाला तेव्हा मी म्हणालो, "सागर, आज तुझ्या वेळातला एक तास मला दे."

तो म्हणाला, "आबा, एवढं इचारायला धा दिवस लावले व्हय?"

सिस्टर तयार होईना. माणसे बदलत राहिली की बाळाला बाधा होते, म्हणाली. तेव्हा सागरने तिला हळूच सांगितले, "शिस्टर, ह्यांची पहिली पोरगी अशीच गेली. तवा ह्यांना आत घेतलंच न्हवतं." तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आरारा! आबा, या तुमी." तिने खोकला, सर्दी, कातडी, सगळे तपासले आणि मला खुर्चीवर बसवले. गुंड्या काढताना माझा हात थांबला, तर म्हणाली, "लाजताय काय? मी तिकडं तोंड करते."

मग ती चिमुकली माझ्या छातीवर आली. वजन काही जाणवलेच नाही, ऊबच तेवढी जाणवली. तिने एक नख माझ्या कातडीत रुतवले. एवढेसे नख! मी श्वासही जपून घेतला. आणि त्या क्षणी तू म्हणायचीस ते कळले: न पाहता कसे कळायचे? तुझा हेवा तेव्हा कमी झाला असे लिहिले तर ते खोटे होईल. तो दुप्पट झाला. मला हा एक तास मिळाला. तुला सहा दिवस मिळाले होते!

वेळ संपली तेव्हा सागर काचेवर बोट वाजवून घड्याळ दाखवू लागला. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

परंतु तो तास मला खोट्यावर मिळाला, हिराबाई. ज्या बाईने मला बोलावले होते, तिच्यावर आळ ठेवून मिळाला. रात्री जेवण गेले नाही.

म्हणून वचन देतो. उद्या दत्ता येथे येणार आहे. दत्ता, सागर, पूजा, व्याही आणि ती सिस्टर, सगळ्यांसमोर मी उभा राहून खरे काय ते सांगेन. व्याह्यांसमोर मान खाली जाईल, जाऊ दे. सिस्टरने मला परत बाकावर बसवले तर बसेन. आणि तरीही दुसऱ्या दिवशी हात धुऊन तिच्यासमोर उभा राहीन आणि पुन्हा पाळी मागेन.

दोन मुलांचा बाप,
किसन