बॉयलरच्या कपाटातलं बायबल

प्रिय सुमती,

शनिवारी रूथने तुझी वही माझ्यापुढे उघडून ठेवली, म्हणून हे पत्र. नाहीतर मी लिहिलं नसतं. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणं मला कधी पटलेलं नाही.

तुला जाऊन चार महिने झाले. उपवासकाळात तुझ्या नॉटिंगहॅमच्या घरी बायबलातल्या निर्गमाचा अभ्यास चालायचा, तो यंदा तुझ्या लेकीने हाती घेतला आहे. त्यासाठी तुझे कागद काढले होते म्हणे. इथे स्लाऊला माझ्या दारात उभी राहिली आणि कोट न काढताच म्हणाली, "मावशी, मम्मीचा वही सापडला. लास्ट पान तू वाच, माझा मराठी स्लो आहे."

वाचलं. तुझं ते गोल, वॉर्डातल्या चार्टवरचं अक्षर. 'आप्पांचं बायबल ताईकडे आहे. बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे. मागायचं नाही.'

सुमे, तुला ठाऊक होतं!

आप्पा वारले तेव्हा तुला रजा मिळाली नाही आणि मी एकटी नगरला गेले. "बायबल सुमीला द्या," असं ते शेजाऱ्यांना सांगून गेले होते. मी ते बॅगेत घालून आणलं आणि तुला फोनवर सांगितलं की वाळवी लागली होती, टाकून द्यावं लागलं. तू काय म्हणालीस? "जाऊ दे गं ताई. तुला त्यांचं तोंड तरी दिसलं ना?" मला वाटलं, खपलं.

का केलं? मत्सराने. त्याला दुसरं नाव देत बसत नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ताठ बसायचे ती मी. दहा आज्ञा न अडखळता म्हणायचे ती मी. तू दुसऱ्याच वचनाला आप्पांच्या मांडीवर आडवी! आणि ते तुझ्यावर शाल घालून, आवाज उतरवून पुढे वाचायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी आवाज उतरवला? मी जागीच असायचे ना. पुढे बी.ए. मी झाले, संडे स्कूल मी चालवलं. बायबल मात्र तुला!

आणि इथे परदेशात तरी निराळं काय झालं? ते एवढे शिकलेले डॉक्टर, तुझ्या वॉर्डातल्या नर्सा, सगळे तुझ्या चहाच्या टेबलाभोवती. मी कोच-बसने तीन तास प्रवास करून यायचे आणि तुझे अध्याय-वचनांचे आकडे दुरुस्त करायचे. लोक हसून "थँक्यू, ताई" म्हणायचे आणि पुन्हा तुझ्याकडे वळायचे.

एकदा अब्राहामाचा करार चालला होता. जनावरांचे तुकडे समोरासमोर मांडलेले, आणि करार करणाऱ्यांनी त्यांच्यामधून चालत जायचं, ही त्या काळची रीत.

"त्या तुकड्यांमधून अग्नी गेला, म्हणजे देव गेला," तू म्हणालीस.

"आणि अब्राहाम?" मी विचारलं.

"तो झोपला होता."

सगळे हसले. मला राग आला. "करार दोघांचा असतो, सुमती. एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने शपथ वाहायची, हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच तो, ताई. म्हणून तर आपण इथे बसलोय," असं म्हणून तू माझ्याकडे बिस्किटं सरकवलीस.

मग तू वल्हांडणावर, गुलामगिरीतून सुटकेच्या त्या रात्रीवर आलीस. दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लागलेलं पाहून संहारक दूत ते घर सोडून पुढे गेला. पुढे क्रुसावर आपल्यासाठी वाहिलं ते असंच, असं सांगता सांगता थांबलीस. "दाराच्या आत काय सगळी भली माणसं होती? असतील की तिथेही भांडणारे, एकमेकांवर जळणारे. पण तपासलं ते दार, माणसं नव्हे. आणि आज्ञा तर नंतर आल्या, समुद्र ओलांडल्यावर. आधी सुटका, मग आज्ञा."

'जळणारे' म्हणताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता कळतं, मुद्दामच पाहिलं नव्हतंस.

मिलेनियमच्या नाताळात तू माझ्याकडे राहिली होतीस आणि टॉवेल घ्यायला बॉयलरचं ते उबदार कपाट उघडलं होतंस. तेव्हाच सापडलं असणार. ओरडली का नाहीस? मी तयारीत होते गं! इतकी वर्षं मनात उत्तरं घोटून ठेवली होती. तू टॉवेल घेतलास, कपाट लावलंस आणि चहाला आलीस. माफसुद्धा मी मागायच्या आधीच करून मोकळी. तिथेही पहिला नंबर तुझाच! खरं सांगते, वही वाचून आधी लाज वाटली नाही. आधी हेवाच वाटला.

लाज नंतर वाटली. रूथने टॉवेलांमागचं बायबल उशीच्या अभ्र्यातून काढलं आणि पहिलं पान उघडलं. आपल्या घराची नावं: कोण कधी जन्मलं, कधी बाप्तिस्मा झाला, कधी गेलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी घरातल्या थोरल्याने नाव लिहायचं, ही आपली चाल. आप्पांच्या मागे थोरली मी. तिने बोट खाली खाली नेलं.

"मावशी, मी कुठे आहे?"

ती आप्पांच्या नंतर जन्मली. तेव्हा पान माझ्या टॉवेलांमागे होतं. तुला वाटलं बायबल अडवलं तुझं. छे! अडवलं ते या पोरीचं नाव.

तिला म्हटलं, आज नाही, रविवारी लिहीन, सगळ्यांसमोर. येत्या रविवारी येते आहे, सुमे. वाळवीची गोष्ट खोटी होती, हे उभी राहून सांगेन. मग कोपऱ्यात बसेन आणि रूथ कितीही चुकली तरी एक आकडा दुरुस्त करणार नाही. जळणं थांबेल असं वचन देत नाही. दाराच्या आत मात्र बसेन.

तुझी ताई,
कमल

रविवारी नॉटिंगहॅमला, अभ्यासाच्या आधी, रूथच्या हाती दिलं ते:
आप्पांचं बायबल, एक. पाठीचं कापड सुटलेलं. वाळवी नाही.
अभ्रा, ज्यात ते गुंडाळलेलं होतं.
सुमतीची वही, परत.
नावांच्या पानावर दोन नव्या नोंदी, माझ्या हातच्या. रूथ: जन्म आणि बाप्तिस्मा. सुमती: प्रभूमध्ये निजली.