वेळू लावणारी मीच

लिहून ठेवणार गोजराबाई, जवजे पुंजाजी, विधवा, वय साठीच्या पुढे, धंदा शेती, राहणार मौजे किन्हीराजा, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात किंवा भुलवणीत न येता, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते या कागदात लिहीत आहे. एवढे शब्द शाळेच्या मास्तरने सांगितले; जवजे म्हणजे बायको, हेही त्यानेच. इथून पुढचे माझे. अक्षर मी भावाच्या पाटीवर शिकले, तेही तो जेवायला बसला असताना, म्हणून जे आहे ते असे आहे.

पहिल्याने सांगते की मी आजारी नाही. लिहायचे कारण असे की नाल्यावरच्या माझ्या वेळूच्या बेटाला यंदा फुलोरा आला. वेळू जन्मात एकदाच फुलतो आणि मग वाळतो, हे खरे. पण आमच्याकडे त्याला एक शेपूट जोडतात, की बेट फुलले की लावणारा जातो, आणि ते कधी फुलेल याचा नेम नाही. म्हणून फुलोरा आल्यापासून गाव माझ्या तोंडाकडे पाहत आहे. माझा एकुलता एक मुलगा जगदेव, त्याने परवा जन्मात पहिल्यांदा विचारले, "माय, काई खावंसं वाटते काय?" मी म्हटले, "वाटते. पन तुह्या हातचं नाई."

कलम पहिले. बेट माझे कसे.

मी या घरात आले तेव्हा नाला दर पावसाळ्यात शेताचा काठ खाऊन जाई. वेळूच्या मुळ्या माती धरून ठेवतात, म्हणून सासरे उकंडराव यांनी वेळूचा कंद आणवला. खड्डा झाला, पण लावायला मर्द पुढे होईना. सासरे मागे, नवरा त्यांच्याही मागे. उधळल्या बैलाची शिंगे धरणारी माणसे, एका कंदाला भ्याली. मग सासरे म्हणाले, "गोजरीच्या हातून लावा. तिच्या पदरात लेकरू नाई. बरंवाईट झालंच तं पुंजाजीले दुसरी करता येते."

मी तिथेच भाकरीची टोपली घेऊन उभी होते. माझ्या नवऱ्याने जमिनीकडे पाहिले. मी टोपली खाली ठेवली, कंद लावला, माती लोटली, पायाने दाबली, हात धुतले आणि त्यांना वाढले. जेवले सगळे. पोटभर जेवले.

वर सासऱ्यांनी पाच माणसांत सांगितले, "हे बेट आन त्याखालचा काठ गोजरीचा. त्याच्या बऱ्यावाइटाशी आमचा संबंध नाई." मरण आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बोलले, पण बोलले. त्या पाचांतले मारोतराव हयात आहेत. खड्डा त्यांनीच खणला होता. खाली त्यांची सही आहे.

आता जगदेव म्हणतो, बेट वडिलोपार्जित आहे. लावताना माझे आणि तोडताना वडिलोपार्जित, हा कोणत्या गावचा न्याय? बाकीचे शेत मर्दांचे आहे. त्याबद्दल मी एक अक्षर लिहीत नाही.

कलम दुसरे. बेटाने काय दिले, कारण घरातल्यांना विसर पडला आहे.

तिफनीचे नळे याच बेटाचे, म्हणजे या घरातला दाणा न् दाणा माझ्या वेळूतून जमिनीत गेला आहे. कणग्या, डाले, सुपे, गोठ्याचे तट्टे, आंब्याची शिडी, पाडव्याची गुढी, लग्नांचे मांडव. कोवळ्या कोंबांची, वास्त्यांची भाजी तर सासरे बोटे चाटून खात. जगदेवाला पाचवीला ज्या सुपात ठेवला ते याच वेळूचे, आणि त्याच्या बापाला नेले ती तिरडीही. तोडताना, विणताना, खाताना, विकताना कोणाला मरण दिसले नाही. मरण फक्त लावणारणीला!

वेळू चुलीत घालू नये, वंश जळतो, असेही सांगतात. एका झडीत सरपण भिजले तेव्हा मी आठवडाभर वेळूची बुडखेच जाळली. त्याच साली जगदेव झाला. वंशाचे काय झाले ते गावाने पाहून घ्यावे.

कलम तिसरे. हा कागद आताच काहून.

जऊळक्याच्या स्टेशनावरून माल पाठवणारा ठेकेदार फुलचंद वाळते बेट घ्यायला आला. मला कोणी विचारले नाही. ओसरीवर तो आणि जगदेव बोलत होते, मी आत होते.

फुलचंद म्हणाला, "बेट गेल्यावर काठ कोन धरन?"

"नवं लावू. खाली बी पडून राह्यलं ना."

"लावन कोन? तू?"

"मी कायले? सीताच्या हातून लावून घेऊ. अजून पाळना नाई हालला तिचा."

सीताबाई म्हणजे माझा नातू पंजाबराव याची बायको. ती आतल्या खोलीत दळत होती. जाते थांबले. मग पुन्हा फिरू लागले.

तेच शब्द. इतक्या वर्षांत या घराने एक नवा शब्द शिकू नये? पंजाबराव दारातच होता. मी विचारले, "काऊन रे, आयकलं का तुह्या बापानं काय म्हटलं ते?" त्याने जमिनीकडे पाहिले. जमिनीकडे पाहायची विद्या आमच्या घरात बापाकडून लेकाला न शिकवता येते.

मी ओसरीवर गेले. "जगदेवा, तुले दोन हात हाय. सीता काहून?"

"माय, बाईच्या हातानं वेळू चांगला लागते."

"मंग कापूसही तिच्याच हातानं लाव, आन वावर तिच्या नावचं कर."

फुलचंद हसला. जगदेव नाही हसला. म्हणाला, "बुढीची मती फिरली." म्हणूनच वर पूर्ण शुद्धीत असे लिहिले आहे, आणि मास्तरला ते दोनदा वाचायला लावले आहे.

कलम चौथे. वाटणी.

नाल्यावरचे बेट, वाळलेले आहे तसे, त्याखालचा काठ, आणि त्यावर पुढे जे उगवेल ते, सर्व सीताबाईला. फुलचंदला माल पाहिजे असेल तर त्याने ओसरीवर बसून तिच्याशी बोलावे. तिला लेकरू झाले काय, न झाले काय, या कागदाला त्याचे घेणेदेणे नाही. पंजाबरावाने दुसरी केली तरी बेट सीताचेच. तो बेटाजवळ आला तर त्याने वर पाहून यावे.

कोयता आणि कुऱ्हाड सीताबाईला. जगदेवाला नाही. वेळू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा लागतो हे शेंबड्या पोराला कळते, पण याने ऐन पुनवेला तोडून गोठा शाकारला. भुंग्याने असा पोखरला की गुरांच्या पाठीवर पीठ पडत होते, आणि आढे आले ते म्हशीच्या शिंगावर.

जाते सीताबाईला. ते त्या दिवशी थांबले, म्हणून.

गावात कोणी वारले, कोणत्याही जातीचे असो, तिरडीचे वेळू माझ्या बेटातून फुकट जातात. हा रिवाज सीताबाईने चालवावा. नवे बेट वाढेपर्यंत लोकांनी दुसरीकडे पाहावे, कारण फुललेला वेळू ठिसूळ होतो, त्यावर माणूस घालू नये. माझ्यापुरते दोन चांगले वेळू मी फुलोऱ्याआधीच तोडून माळ्यावर ठेवले आहेत. तिरडीचा पुढचा दांडा जगदेवाच्या खांद्यावर द्यावा. लावायला भ्याला, उचलायला भिऊ नये. त्याला माझ्याकडून एवढेच.

पाणी भरायचा तांब्याचा गुंड सून रंगूबाई, जगदेवाची बायको, हिला, असे मी लिहिले होते. ते खोडले आहे. त्याचे असे झाले की दुसऱ्या साक्षीला गावातला एकही मर्द येईना, जगदेवाशी वाकडे कोण घेणार! तेव्हा रंगूबाई म्हणाली, "मी लावतो अंगठा." मास्तर म्हणाला, साक्षीदारालाच वाटा दिला तर लोक कागदाकडे बोट दाखवतील. ती म्हणाली, "मंग गुंड नको मले, मामी. तो वाटा खोडा." मी म्हटले, "जगदेव घरात घेनार नाई तुले." ती म्हणाली, "सयपाक कोन करन मंग?" या बाईला मी इतकी वर्षे आळशी म्हणत आले. गुंड आता गावच्या देवळात द्यावा.

कलम पाचवे आणि शेवटचे. नवे बेट.

बेटाखाली पडलेले बी मी स्वतः सुपात पाखडले, विहिरीजवळ वाफा केला आणि कोणाला न सांगता पेरले. पाणी रंगूबाई घालते, तिलाही मी सांगितले नव्हते. कोंब वर आले आहेत, दिसायला गवतासारखे. पाणी पडले की काठावर मीच बसवीन. त्याआधी मी गेले आणि ते दुसऱ्या कोणी नेऊन बसवले, तरी लावणारी मीच, कारण बी माझ्या हातचे आहे. म्हणजे पहिल्या बेटाची मी आणि दुसऱ्याचीही मी. वेळूला कोणाला न्यायचेच असेल तर त्याने मला न्यावे, आणि एका बाईला दोनदा नेता येत नाही. हे बेट फुलेल तेव्हा सीता माझ्या वयाची झालेली असेल, आणि तिच्या तोंडाकडे पाहायला कोणी येणार नाही.

मास्तर म्हणतो, शेवटी प्रकृती कशी आहे ते लिहा. प्रकृती चांगली आहे. कोणी वाट पाहू नये.

मुक्काम किन्हीराजा, वैशाख वद्य पंचमी शके १८६०, गुरुवार, ता. १९ मे सन १९३८.

सही: गोजराबाई जवजे पुंजाजी, आपल्या हाताने.

साक्षीदार:

१. मारोतराव. सही. खड्डा मी खणला होता. उकंडरावांचे बोलणे मी कानाने ऐकले आहे.

२. रंगूबाई जवजे जगदेव. निशाणी अंगठा. मास्तरने शाई पुढे केली, पण रंगूबाई वाफ्याला पाणी घालून तशीच आली होती. उठली आहे ती माती आहे. ती पुसून दुसरा अंगठा घेऊ नये.