फायरप्लेसवरचा मोर

११ नोव्हेंबर, सोमवार
मोठी ऑर्डर. कर्जतजवळ नम्रता मॅडमनी बंगला बांधलाय. आतून सगळा व्हिक्टोरियन, म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या काळातला. फायरप्लेससुद्धा आहे. (कर्जतला. मी मान डोलावली.) तिच्यावर ठेवायला दोन उंच फुलदाण्या हव्यात, हाताने रंगवलेल्या, गुलाब आणि मोर. म्हणालो, सगळं एकटाच करतो, घरात दुसऱ्या कुणाला ब्रश धरता येत नाही. व्हीआरएस घेण्याआधी रसायनीच्या कंपनीत चोवीस वर्षं पिंपांवर नंबर रंगवले. हात तयार आहे. शिवाय दोन दिवसांचं वर्कशॉप केलंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार
चौक गावच्या धाऊ कुंभाराकडून फुलदाण्या आणल्या. पहिला मोर काढला. बायकोने, रूपालीने, कणीक मळता मळता बघितलं आणि विचारलं, "कोंबडा कुठला हाय?" तिला समजावलं, त्या काळात मोर अंगाने भरलेले असत. पुसला. उद्यापासून पहाटे पाचला उठून सराव.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
पाचला उठणं जमत नाही. पाठ. दुसरा मोरही पुसला.
भांडी झाल्यावर रूपालीने सहज ब्रश उचलला. मन मोडायला नको म्हणून एक गुलाब काढू दिला. एका फटकाऱ्यात एक पाकळी. माहेरी असताना लग्नघरांच्या भिंती रंगवायची म्हणे. मला माहीत नव्हतं. अर्थात गुलाब सोपा असतो.

३० नोव्हेंबर, शनिवार
दोन्ही फुलदाण्या भट्टीतून भाजून आल्या. फार सुंदर. मोर, गुलाब, सगळं रूपालीने काढलं, देखरेख माझी. बुडाशी माझी सोनेरी सही आहे, द. ठोंबरे. सही करताना तिने विचारलं होतं, "माझं नाव नाय टाकायचं का?" मी म्हणालो, जुन्या कारखान्यांत सही मास्तरचीच असायची. खरं म्हणजे मला तसं काही माहीत नाही. ती "बरं" म्हणाली.
फोटो पाठवले. मॅडमनी जिन्यापाशी ठेवायला तिसरी सांगितली.

८ डिसेंबर, रविवार
मॅडम न कळवता आल्या. रूपाली ओटीवर तिसरी फुलदाणी रंगवत बसलेली, मी शेजारी पेपर वाचत. मॅडम तिचा हात बघत उभ्याच राहिल्या. मग मला विचारलं, "या कोण?"
घरात कुणाला ब्रश धरता येत नाही, हे मीच सांगितलेलं. तोंडून निघालं, "मदतीला असतात."
मॅडमनी तिला विचारलं, "किती वर्षं आहात यांच्याकडे?"
रूपालीने ब्रश पाण्यात बुडवला. म्हणाली, "बावीस वर्षं झाली, मॅडम."
लग्नाला तेवढीच झाली आहेत.
मग तिनेच आम्हाला चहाचे दोन कप आणून ठेवले. तिचा तिने आत उभ्यानेच प्यायला.

९ डिसेंबर, सोमवार
विचार केला. 'मदतीला असतात' हे तसं खोटं नाही, मदत करतेच. शिवाय आदरार्थी बोललो. रात्री तिने जेवायला वाढलं, लोणचंही दिलं, म्हणजे रागावलेली नसावी. फक्त ब्रश धुऊन डब्यात भरलेत आणि डबा माझ्या टेबलावर आणून ठेवलाय.

१२ डिसेंबर, गुरुवार
उद्या मॅडमना सांगणार. नक्की.
अर्धी राहिलेली तिसरी फुलदाणी मीच पुरी करायला घेतली. मोराची शेपटी बिघडली. फडक्याने झाकून ठेवलीय. चार दिवस रूपालीकडे नीट बघितलेलं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
मी केला नाही, मॅडमचाच फोन आला. फायरप्लेसभोवती चाळीस टाइल्स रंगवायच्यात. "तुमच्या त्या बाईंना दोन महिने माझ्याकडे पाठवाल का, सर? तुमचं अडत नसेल तर."
रूपाली समोर तांदूळ निवडत होती. मॅडमना सांगितलं. ती माझी बायको आहे. फुलदाण्या तिने रंगवल्या. मी सही केली. एवढं बोलताना दोनदा पाणी प्यायलो. मग मॅडम म्हणाल्या, "त्यांना द्या फोन." मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
रूपाली फोन घेऊन मागच्या दारी गेली. अर्धा तास. एकदा हसली. परत आल्यावर मी म्हणालो, चुकलो.
ती म्हणाली, "हां." मग तांदळाचं ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "उद्यापास्नं सकाळी धाला गाडी येईल न्यायला. भात तुमी लावा."

१८ डिसेंबर, बुधवार, सकाळी साडेअकरा
गाडी आली, गेली. कुकर लावलाय. शिट्ट्या किती, हे विचारायला फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. बावीस वर्षांनी काय म्हणून विचारू.
पाच झाल्यात.