आधी जेवू घाल तिला

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही गोष्टी अजून तुझ्यापाशीच बोलाव्याशा वाटतात.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात माझ्या ट्रकवर दरड कोसळली. कोकणात गूळ उतरवून मी रिकामा परत येत होतो. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू माझं अंथरूण स्वैपाकघरात घातलंस, कारण तुझा दिवस तिथंच जायचा. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो, ताटाला हात लावायचो नाही. एका दुपारी तू वैतागलीस. "पाय गेल्यात, तोंड हाय न्हवं? मग बोल की. एवढा मुलूख हिंडलास, काय बघिटलंस ते सांग. मी कसबा बावड्याच्या पुढं कवा गेलीया?"

मग मी सांगू लागलो. तू भाकरी थापत ऐकायचीस, तव्यावरची उलटायची विसरायचीस आणि करपली की मलाच बोल लावायचीस. पुढं म्हणालीस, "लिवून ठेव. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." असं लिहिता लिहिता कादंबरी झाली. घाटात चहा विकणारी म्हातारी त्यात एकटी, उपाशी मरते, तो भाग वाचून दाखवला तेव्हा तू परातीतला हात थांबवलास.

"मारलीस व्हय तिला?"

"गोष्टीला गरज हाय, आई."

"आसंल. पर उपाशी कशाला? आधी जेवू घाल तिला."

मी चिडलो. तुला यातलं काय कळतंय, असंही मनात आलं. पण मरायच्या आधी तिच्या झोपडीत ट्रकवाल्यांनी म्हातारीला आग्रहानं जेवायला वाढलं, ते प्रकरण मी अखेर लिहिलंच. आजही लोक भेटले की त्याबद्दलच बोलतात. पुस्तक छापून आलं तेव्हा तू विचारलंस, "ती जेवती ते कुठं हाय?" मी पान काढून दिलं. तुला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिलीस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगतो. लिहायला लागलो आणि पायांचं दुःख सरलं, असं मी सभांतून सांगतो. लोकांना ते आवडतं. पण अजून दुपारी डोळा लागला की मी गाडी चालवत असतो, आणि जाग आलेली मला आवडत नाही.