न गंजणारा खिळा

रविवार, ९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तूही मजेत असशील. झालं, संपलं ते! आता खरी बातमी ऐक. माझा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेलाय!

विषय साधा. लोखंड लवकर गंजतं की स्टील? दोन बरण्यांत मिठाचं पाणी, एकीत लोखंडी खिळा, दुसरीत स्टीलचा. ठेवल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. स्टीलचा खिळा चकचकीत राहिला, ते ठीक. पण लोखंडाचाही तस्साच! बाई म्हणाल्या, "मीठच घातलंस ना गं? की साखर?" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. असा संताप आला म्हणून सांगू!

मग एकदा लोखंडाच्या बरणीत पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. दुसऱ्या दिवशी लवकर उठून दाराआड लपले. आणि चोर कोण निघावा? आपले बाबा! वर्कशॉपला निघताना त्यांनी खिळा बाहेर काढला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि गुपचूप परत पाण्यात सोडला.

मी किंचाळलेच. "बाबा, तो गंजायलाच ठेवलाय!"

तर ओशाळून म्हणतात कसे, "अगं, गंज दिसला की हात जातोच. डोळ्यांदेखत लोखंड खराब कसं होऊ द्यायचं?"

आई हसून हसून खालीच बसली. तू गेल्यापासून घरात इतकं कुणी हसलं नव्हतं.

बाईंना सांगितलं तर त्यांनी टाळ्याच वाजवल्या! आता तिसरी बरणी वाढवलीय, तेल लावलेल्या लोखंडाची. ती बाबांच्या ताब्यात. प्रदर्शन येत्या शनिवारी आहे. ये ना रे!

बाबा काय म्हणतील, हेच ना? खरं सांगते, ते अजून तुझं नाव काढत नाहीत. त्यांचं वर्कशॉप सोडून परगावी नोकरी धरलीस, तो राग आहेच. आईने विषय काढला की उठून जातात. हे लिहिणार नव्हते मी.

पण हेही ऐक. खिळा पुसून झाला की बाबा तेच फडकं घेऊन मागच्या दारी जातात. तिथे तुझी सायकल उभी आहे. साखळी, ब्रेक, घंटी, सगळं पुसतात. रोज. मला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आल्यावर लागेल त्याला."

वाट सगळेच बघतोय, दादा. पत्राखाली सही करायची हिंमत मात्र माझी एकटीची,

तुझी टकळी