पासपोर्टवर सदतीस भुतं

शारजा, बुधवार

तीर्थस्वरूप वासुमामांस साष्टांग नमस्कार.

माझं आयुष्य बदललं ते जपानमध्ये, दुपारी सव्वातीनला, पासपोर्टवर पहिलं भूत उमटलं त्या क्षणी. (तुमचा गुडघा कसा आहे? मामीलाही नमस्कार.)

कॉलेज सोडल्यापासून मी तुमच्या वर्गमित्राच्या, मुरलीधरकाकांच्या, इथल्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, हे तुम्ही जाणताच. (प्राचार्यांशी झालेल्या भांडणात चूक माझी नव्हती, पण तो विषय नको.) या खेपेला गाड्या निवडायला काकांनी मला जपानला नेलं. गाड्या जहाजावर चढतात त्या बंदराजवळचं एक गाव म्हणजे नुसती भुतं! चित्रकथांतली, लोककथांतली, रस्त्याच्या दोन्ही कडांना पुतळे करून बसवलेली. डोक्यावर पाण्याची वाटी घेतलेलं एक, एका पायावर उड्या मारणारी छत्री, एक तर चक्क भिंतच. आपली भुतं पिंपळावर लटकून घाबरवतात, ही बिचारी गिऱ्हाईक गोळा करतात. दुकानादुकानात त्या त्या भुताचा रबरी शिक्का. वही विकत घ्यायची आणि शिक्के जमवत फिरायचं. वह्या संपलेल्या. इकडे काकांच्या मुलीने, शुभ्राने (ती अशीच चित्रं काढते) निघताना बजावलेलं, "वेदांग, एव्हरी सिंगल वन, हं!" खिशात कागद एकच होता. आणि मामा, आखातात राहणाऱ्या माणसाला शिक्का म्हटलं की दुसरं काय आठवणार? सदतीस उमटवली.

दुबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पान उलटलं, परत मागे आणलं, छत्रीवर बोट ठेवलं. "हबीबी, ये कौन सा मुल्क है?" मी तापलो. म्हटलं, पासपोर्ट मेरा है! तो भारत सरकारचा असतो, हे तीन तास बाकावर बसल्यावर समजलं. काकाही शेजारी तीन तास बसले, माझ्यासाठी हमीची सही केली. गाडीत एवढंच विचारलं, "कुणासाठी रे एवढी भुतं?"

"छंद आहे, काका."

"बरा आहे. शुक्रवारी पुण्याचा मुलगा शुभ्राला बघायला येतोय. त्याला एअरपोर्टवरून तूच आण."

मी एसी आणखी वाढवला.

पासपोर्ट आता नवा काढावा लागणार. जुना काल शुभ्राला दाखवला. ती हसली नाही, एकेक पान उलटत राहिली. असो. मी तिला विसरलोय. तिच्याबद्दल आता काही म्हणजे काही वाटत नाही.

आपला,
वेदांग

ता. क. : तुम्ही आणि काका एका वर्गात होतात. त्यांना फोन करून सांगा, पोरगा तापट आहे, पण एकही भूत गाळलं नाही त्याने. परीक्षा बाहेरून देईन म्हणावं.

ता. क. २ : पत्र सांगलीला पोचायला आठ दिवस लागतात, हे पत्ता घालताना लक्षात आलं. शुभ्रा म्हणते, "यू टेल हिम, ऑर आय विल." तेव्हा फोन राहू द्या. तीन तास माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मी छंद सांगितला, तो आधी परत घेतो. काका वरच्याच मजल्यावर आहेत. हे चपला घालून उभ्याने लिहितोय. पाकीट चिकटवतो, दार ओढून घेतो, निघतो.