घटनेला एक चोरखिसा हवा

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुमचा दमा आणि ताईचा पारा, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. (पारा उतरला नसेल तर हे पत्र न्हाणीघरात नेऊन वाचा.) लिहायला तीन आठवडे उशीर झाला, माफी असावी. रोज कागद घेऊन बसत होतो आणि भीतीने कुणाची तरी पँट उसवायला घेत होतो.

त्याचं असं झालं. गुडघा दुखतो हे मी फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं, तर दुसऱ्या दिवसापासून फोन मला गुडघ्याचे पट्टे दाखवू लागला. मी घाबरून फोन पिठाच्या डब्यात ठेवला. त्यातच वाचनालयाच्या फळ्यावर कागद लागला, की माणसांची खाजगी माहिती हल्ली यंत्रांत साठते, ती जपायला राज्यघटनेत काय बदल करावा हे नागरिकांनी सरकारने नेमलेल्या समितीला कळवावं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मागच्या बाकावर. पण म्हटलं, जुन्या कपड्यात बदल करणं हा तर आपला धंदा! चाळीस वर्षं सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत, एकाच्या कमरेचा आकडा दुसऱ्याच्या कानावर गेलेला नाही. तेव्हा मी लिहिलं, की घटना शिवणाऱ्यांनी शिवणीत भरपूर कापड दाबून ठेवलंय, ते आता सोडा. त्या काळी माणसाचं खाजगी म्हणजे घर आणि टपाल. आता त्याचा चेहरा, अंगठा, आजार, कुठे गेला, कुणाशी बोलला, सगळंच बाहेर लोंबतंय. प्रत्येकाला घटनेतच एक चोरखिसा शिवून द्या, आणि त्यात हात घालायचा तर सरकारनेही विचारावं आणि दुकानदारानेही.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण खाली छापलं होतं, 'उदाहरण द्यावे'.

दिलं. तुमचं. पूर्ण नावानिशी. तपकिरी कोट, डावी बाजू, अस्तराखाली, तीन बोटं रुंद, एकोणीस वर्षांपूर्वी शिवलेला, बायकोला पत्ता नाही. (खरेपणा यावा म्हणून घराचा पत्ताही दिला.) समितीच्या बाईंना सूचना इतकी आवडली, की ती त्यांनी समितीच्या वेबसाइटवर सगळ्यात वर लावली. सुनेने वाचून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, देशाचं झाकायला गेलात आणि आत्याच्या घरचं उघडं केलंत!" नाव काढा म्हणून अर्ज करायला गेलो, तर कुणाचं नाव आणि का, हे सविस्तर भरायचं होतं. भरलं. तो अर्जही तिथेच लागला. आता तुम्ही दोन ठिकाणी आहात.

चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून गप्प राहिलो. टाचण्या काढल्या आणि हे झालं.

भाची येत्या रविवारी ताईला नवा फोन देणार आहे. त्याआधी कोट माझ्याकडे पाठवा. खिसा असा बंद करीन, की तुम्हालाही सापडणार नाही.

तुमचा अपराधी,
मेव्हणा

ता. क. पाकिटावर ठळक अक्षरांत 'खाजगी, ताईने उघडू नये' असं लिहिलंय, त्यामुळे काळजी नसावी.

ता. क. दुसरा. शिंप्याने माप घ्यावं, झडती घेऊ नये, म्हणून एकोणीस वर्षांत मी एका शब्दाने विचारलं नाही. पण वेबसाइटवर खाली लोक तर्क लढवतायत. कुणी म्हणतं तंबाखू, कुणी म्हणतं जुनी पत्रं. माझं जेवणात लक्ष नाही. दाजी, खिशात आहे तरी काय? उलट टपाली कळवा. कुणाला सांगणार नाही.